क्रोशाची चिमुकली ॲनिमे बाहुली: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा इथले शिकणारे जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न पोरींचे, काही पोरांचे आणि बरेचसे त्यांच्या आयांचे. सगळी मापं साधारण १२ सेंटीमीटर उंचीच्या, मोठ्या डोक्याच्या ‘चिबी’ बाहुलीची आहेत.

क्रोशे अजिबात येत नाही. एकदम बाहुलीलाच हात घातला तर?

घाला, पण आधी नुसता एक गोळा विणा. अमिगुरुमीत, म्हणजे क्रोशानं भरीव बाहुल्या विणायच्या या जपानी पद्धतीत, मुळात चारच गोष्टी लागतात: मॅजिक रिंग (ओढून आवळता येणारा सुरुवातीचा फास), मुका खांब (साधा बुटका टाका), टाका वाढवणं आणि टाका घटवणं. डोकं, पोट, हात, पाय सगळं त्यातूनच निघतं. गोळा नीट जमला म्हणजे डोकं जमलं, आणि डोकं हेच बाहुलीतलं निम्मं काम.

डावखुऱ्यांनी व्हिडिओ आडवा उलटवून पाहावा. मोबाईलच्या एडिटरमध्ये ती सोय असते.

आजीला क्रोशे छान येतं. तिच्याकडून शिकू की व्हिडिओ पाहून?

आधी आजीकडून. दारावरची तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, रुखवतातली ताटावरची झाकणं विणलेल्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. सुई कशी धरायची आणि दोरा बोटावरून कसा सोडायचा, हे समोर बसून जितकं चटकन कळतं तितकं स्क्रीनवरून कळत नाही.

एक लक्षात ठेवा. आजीचा हात सपाट आणि जाळीदार कामाला सरावलेला असतो. ती उंच खांब घालेल, प्रत्येक फेरी बंद करेल आणि साखळी घालून पुढच्या फेरीवर चढेल. बाहुलीला जाळी नकोच आणि फेरीही बंद करायची नाही. सलग गोल विणत जायचं. फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन किंवा दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवायचा. एवढं सांगितलं की आजी तुमच्या पुढे जाईल. अर्धवट गोळ्याकडे बघून तिनं ‘हाई काय शे?’ विचारलं, तर मोबाईलवर पात्राचं चित्र दाखवा.

पहिल्यांदा कोणतं पात्र घ्यावं?

आवडतं घ्यावं, हे झालं सभ्य उत्तर. खरं उत्तर असं की १२ सेंटीमीटरच्या बाहुलीत चित्रातलं सगळं मावत नाही आणि मावायलाही नको. सुई हातात घेण्याआधी कागदावर पात्राच्या तीन खुणा लिहा. कोणती गोष्ट काढली तर पात्र ओळखूच येणार नाही, ती खूण. बाकी सगळं सोडून द्यायचं.

‘वन पीस’मधल्या लुफीचं बघा: लाल पट्टीची गवती टोपी, लाल जाकीट, डाव्या डोळ्याखालचा व्रण. तिसरी खूण नसली तरी एकवेळ चालेल, टोपीशिवाय मात्र तो काळ्या केसांचा कुणीही पोरगा. नारुतोचे पिवळे टोकदार केस, गालांवरच्या तीन-तीन रेषा आणि कपाळपट्टी आली की काम झालं. जॅकेट नारिंगी असलं म्हणजे पुरे. चेन, खिसे आणि पाठीवरचं चक्र यांत जीव घालवू नका. ‘डीमन स्लेयर’मधल्या नेझुकोला तोंडातला बांबू, गुलाबी किमोनो आणि टोकाकडे नारिंगी होत जाणारे लांब काळे केस लागतात. त्या केसांमुळेच ती पहिल्या खेपेला नको. इथून निराश होऊन सुई ठेवून देणाऱ्यांत नेझुकोवाले जास्त असतात.

नवशिक्यांना मी ‘जुजुत्सु काइसेन’मधला गोजो सुचवते. चेहऱ्यात सगळ्यांत अवघड डोळे, आणि याचे नेमके काळ्या पट्टीखाली झाकलेले. पांढरे उभे केस, पट्टी, काळे कपडे, संपलं. घरातल्या लहानग्यासाठी करायचं असेल तर डोरेमॉन. त्याला केस नाहीत, कान नाहीत. निळ्या गोळ्यावर पांढरी चकती, गळ्यात लाल पट्टा आणि पिवळी घंटा.

सामान काय लागतं आणि इकडे मिळतं कुठे?

अंगासाठी २० ग्रॅमच्या आसपास धागा, केस आणि कपड्यांसाठी प्रत्येकी १५ ग्रॅमभर, २.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई, स्वेटर शिवायची बोथट जाड सुई, भरायला फायबर (उशीत असतो तो कृत्रिम कापूस), डोळे, टाचण्या, कात्री. जपानी पॅटर्नमध्ये सुईचा नंबर ४/० दिला असेल तर ती २.५ मिलिमीटरचीच, आणि ५/० म्हणजे ३ मिलिमीटर.

जळगावात फुले मार्केटकडे, धुळ्यात आग्रा रोडला आणि तालुक्याच्या गावी कटलरीच्या किंवा शिवणसामानाच्या दुकानात चौकशी करा. वर्धमान किंवा गंगाची लोकर आणि पोनीची सुई मागितली की दुकानदाराला लगेच कळतं. अडतं ते अंगाच्या रंगापाशी. लाल, पोपटी, राणी असे तोरणाचे रंग हवे तेवढे, पण फिकट बदामी मागितला की मान हलते. तो एक रंग ऑनलाइन मागवा आणि एकदम दोन गुंड्या घ्या. वेगळ्या लॉटमधला तोच रंग हमखास जरा गडद किंवा जरा फिका निघतो, मग डोकं एका रंगाचं आणि हात दुसऱ्या.

लोकर बरी की सुती धागा?

शिकायला चार पदरी ॲक्रिलिक लोकर. स्वस्त पडते, उसवली तरी परत वापरता येते आणि थोडी ताणली जाते. शुद्ध सुती धाग्यात टाका रेखीव दिसतो, पण तो ताणला जात नाही, त्यामुळे नवख्याची बोटं दुखतात. ‘मिल्क कॉटन’ नावाचा पाच पदरी धागा या दोन्हींच्या मधला आणि बाहुलीला सगळ्यांत सोयीचा. नावात कॉटन असलं तरी त्यात बहुधा कृत्रिम धागा मिसळलेला असतो, म्हणून लेबल वाचा आणि इस्त्रीपासून लांब ठेवा. कापसाच्या मुलखात राहून सूत कुरिअरनं मागवावं लागतं, हा भाग वेगळा.

पॅटर्नमधल्या खुणा कळत नाहीत.

इंग्रजी पॅटर्न अमेरिकन आहे की ब्रिटिश, ते आधी बघा. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, तोच टाका ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे. आपला मुका खांब तो हाच. हे न बघता विणलं की डोक्याचं भोपळ्याएवढं काहीतरी होतं आणि वर त्याला भोकं पडतात.

जपानी पॅटर्नला भाषा लागतच नाही, तो चित्रातच असतो. फुलीचं चिन्ह म्हणजे मुका खांब, व्हीसारखं चिन्ह म्हणजे एका टाक्यात दोन, उलटा व्ही म्हणजे दोन टाक्यांचा एक. फेरीच्या शेवटी जो आकडा असतो तो त्या फेरीतले एकूण टाके. तो जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

डोक्याचा हिशेब एकदा नीट सांगा.

मॅजिक रिंगमध्ये ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरीत एक साधा, एक वाढीचा: १८. चौथीत दोन साधे, एक वाढीचा: २४. असंच पाचवीत ३० आणि सहावीत ३६. सातवी ते बारावी या सहा फेऱ्या काही न वाढवता ३६ टाक्यांच्या. मग तेराव्या फेरीत चार साधे आणि एक घट करत ३०, चौदावीत २४, पंधरावीत १८. इथे थांबायचं, डोळे बसवायचे, भरायचं. मिल्क कॉटन आणि २.५ मिलिमीटरची सुई असेल तर डोक्याचा व्यास साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास येतो.

प्रत्येक फेरीला सहाच का, असं गणितवाली मुलं विचारतात. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. एका फेरीनं त्रिज्या एका टाक्यानं वाढते, म्हणजे घेर २π, साधारण सव्वासहा टाक्यांनी वाढायला हवा. म्हणून सहा. आठ वाढवले तर कडा झालरीसारखी दुमडते, चारच वाढवले तर वाटी होते.

पाय १२-१२ टाक्यांचे दोन वेगळे विणायचे. दुसऱ्याचा दोरा न तोडता सरळ पहिल्यावर जायचं, दोन्हींचे मिळून २४ टाक्यांचं पोट सुरू होतं. ते वर जाताना घटवत मानेशी १८ वर आणायचं, म्हणजे डोक्याच्या १८ टाक्यांशी टाक्याला टाका जुळतो. हात ६ किंवा ८ टाक्यांची नळी. त्यात फायबर भरला नाही तरी चालतं.

विणीतून आतला पांढरा फायबर दिसतो.

सुई मोठी आहे किंवा हात सैल आहे. धाग्याच्या लेबलावर जी सुई लिहिलेली असते ती स्वेटरसाठी. बाहुलीला त्याहून अर्धा-एक मिलिमीटर बारीक घ्या. घटवताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या धाग्यांतून सुई घालून ते एकदम विणले की तिथे भोक पडत नाही. आणि बाजू बघा: बाहेरून टाके व्हीसारखे दिसले पाहिजेत. बाहेर आडव्या रेघा दिसत असतील तर गोळा उलटा धरून विणला गेला आहे. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत तो सहज उलटवता येतो.

आणखी एक युक्ती. टाक्यात सुई घातल्यावर दोरा नेहमीसारखा सुईवर गुंडाळण्याऐवजी सुईच दोऱ्यावरून नेऊन तो खालून ओढून घ्या. टाका फुलीसारखा बसतो, वीण घट्ट होते आणि ओळी तिरक्या सरकत जात नाहीत. चेहरा सरळ राहायला याचा फार उपयोग होतो.

घरी कापूस आहे. तोच भरला तर?

हा प्रश्न खान्देशाबाहेर मला कुणी विचारलेला नाही. दिवाळीनंतर ओसरीत कापसाचा ढीग पडलेला असताना भरणीला पैसे का घालायचे, हे रास्तच आहे.

शेतातून वेचलेला कापूस तसाच भरू नका. त्यात सरकी असते. सरकीमुळे बाहुलीच्या पोटात खडे लागतात, दाबली गेली तर फिकट धाग्यावर तेलकट डाग उमटतो, आणि पावसाळ्यात कीड होते. सरकी काढून, पिंजून, कडक उन्हात वाळवून घेतलेली रुई भरता येते, पण तिची सवय वेगळी. कापूस एकदा दबला की दबला, पुन्हा फुलत नाही. फायबर दाबून सोडला की परत वर येतो. कापसानं भरलेली बाहुली सुरुवातीला टणक लागते आणि वर्षभरात मानेपाशी बसते. धुतली तर आतून दोन-तीन दिवस वाळत नाही आणि वास धरते.

तेव्हा शोकेसमध्ये ठेवायच्या बाहुलीला रुई चालेल, पोरांच्या हातातल्या बाहुलीला फायबर. विकत घ्यायचा नसेल तर जुन्या उशीतला काढा, बोटांनी मोकळा करा आणि चिमटीचिमटीनं भरा. मोठा गोळा एकदम कोंबला की गालाला टेंगूळ येतं. डोकं वाटतं त्यापेक्षा जास्त भरावं लागतं, आणि मान तर अगदी ठासून.

डोळे कुठे आणि कसे लावायचे?

दहाव्या आणि अकराव्या फेरीच्या मध्ये, दोन डोळ्यांत ६ ते ७ टाके सोडून. डोळे डोक्याच्या मध्यरेषेखाली आले की चेहरा लहान मुलासारखा दिसतो. वर गेले की बाहुली एकदम पोक्त होते. आधी नुसत्या टाचण्या टोचा आणि हात लांब करून बघा. प्लास्टिकच्या तयार ‘सेफ्टी’ डोळ्याची मागची चकती एकदा दाबली की निघत नाही.

पण काळे गोल मणी हे टेडीचे डोळे. ॲनिमेचा डोळा उभट, मोठा आणि वरच्या कडेला जाड असतो. तो फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचा, कापा किंवा दोऱ्यानं भरा: पात्राचा रंग खाली, वर काळी जाड कमान, आणि आत पांढरा ठिपका. ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा. आरशासारखे समोरासमोर दिले की पात्र चकणं दिसतं. नाक काढूच नका. ओठ म्हणजे एक छोटी आडवी रेघ, जमली तर.

तीन वर्षांखालच्या मुलाला बाहुली द्यायची असेल तर सेफ्टी डोळे, मणी, घंटा काहीही लावू नका, सगळं भरतकामानं करा. नावात सेफ्टी आहे म्हणून ओढून निघत नाही असं नाही.

केस!

एवढाच प्रश्न येतो, उद्गारचिन्हासकट. आणि बरोबरच आहे, कारण ॲनिमेतलं पात्र बहुतेक वेळा केसांवरूनच ओळखतात. अंग साधारण झालं तरी चालतं, केस चुकले की सगळं चुकलं.

मोकळ्या बटांसाठी टोपीची पद्धत सोपी. केसांच्या रंगात मॅजिक रिंग घेऊन डोक्यासारख्याच वाढत्या फेऱ्या घालायच्या. टोपी कानापर्यंत आली की कडेच्या टाक्यातून १५-२० साखळ्या घालून त्याच साखळीवरून मुके खांब घालत परत यायचं. ही एक बट. पुढच्या एक-दोन टाक्यांनंतर दुसरी. प्रत्येक साखळीत एकच मुका खांब घातला तर बट सरळ पडते, दोन-दोन घातले तर कुरळी होते. बटा पुढे-मागे फिरवून हवी ती ठेवण सापडली की टाचण्यांनी अडकवून शिवायच्या. डिंक लावून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तो धाग्यावर पिवळा पडतो.

नारुतो किंवा गोजोसारख्या उभ्या केसांना शंकू लागतात. रिंगमध्ये ४, मग ६, मग ८ टाके, मध्ये एकेक साधी फेरी. असे लहानमोठे शंकू विणायचे आणि टोपीवर मागून पुढे शिवत यायचं. सगळे एका उंचीचे केले की मुकुट दिसतो, म्हणून मुद्दाम कमी-जास्त ठेवा. टोकाशी किंचित फायबर भरला की ते पडत नाहीत.

नेझुकोसाठी सरळ दोरे लावायचे असतात. हवे त्याच्या दुप्पट लांबीचे दोरे कापून, सुईनं टोपीच्या टाक्यात दुमडून गाठ मारायची, आपण शालीला गोंडे लावतो तसंच. खालची नारिंगी टोकं हवीत तर शेवटच्या काही दोऱ्यांत काळ्याऐवजी नारिंगी धागा मिसळा आणि टोकं विंचरून पिंजा. रंगवायच्या भानगडीत पडू नका. ॲक्रिलिकवर घरगुती रंग बसत नाही आणि हाताला मात्र लागतो.

कपडे विणावे लागतात का?

लागत नाहीत. पोटाच्या फेऱ्याच कपड्याच्या रंगात विणल्या की अंगावर कपडे आलेच. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगानं घ्या, म्हणजे जोड दिसत नाही. किमोनो किंवा कोट वेगळा हवा असेल तर टेलरकडचं कातरण मागून आणा. कडेला सुट्टे दोरे निघत नाहीत असं कापड बघा, बाहुलीच्या मापात शिलाई दुमडायला जागाच नसते.

मे महिन्यात सुई सरकतच नाही.

भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर गेल्यावर ॲक्रिलिक घामट बोटांना चिकटणारच. सकाळी लवकर विणा, सुती धागा घ्या, हात साबणानं धुऊन कोरडे करा. कूलरच्या थेट झोताखाली बसू नका. धागा दमट होतो आणि टाके आवळले जातात. फिकट रंगाचं काम कापडात गुंडाळून ठेवा, वावटळीची धूळ बसली की बदामी रंग मळकट दिसायला लागतो.

मुलानं क्रोशे केलं तर मित्र हसतात.

हसू द्या. बाहुली झाली की तेच मित्र स्वतःसाठी मागायला येतात.

या बाहुल्या विकता येतात का?

स्वतःसाठी, भावंडांसाठी करताना कुणी आडवं येत नाही. विकायचं म्हटलं की दोन गोष्टी बघाव्या लागतात.

एक, पात्र तुमचं नाही. भारतात प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा आहे, आणि पात्राच्या चित्रावर हक्क ते निर्माण करणाऱ्यांचा किंवा कंपनीचा असतो. पॅटर्न विकत घेताना ‘तयार वस्तू विकायला हरकत नाही’ असं लिहून मिळालं, तरी ती परवानगी पॅटर्न लिहिणाऱ्याची, पात्राची नव्हे. बरेच जण बिनधास्त विकतात, हे खरं. पण पात्राच्या नावानं दुकान थाटायचा सल्ला मी कुणाला देत नाही.

दोन, खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० चा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून नियमित विकायचं असेल तर आधी कारागीर म्हणून नोंदणी करून घ्या.

खरंच दोन पैसे मिळवायचे असतील तर हाच हात दुसरीकडे वळवा. केळीचा घड, उमललेलं कापसाचं बोंड, भरिताचं लांबट हिरवं वांगं. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पुण्या-मुंबईचे पाहुणे अशी कीचेन कौतुकानं घेतात, आणि वांगं विणायला कुणा कंपनीला विचारावं लागत नाही. किंमत सांगताना फक्त लोकरीचा हिशेब धरू नका, तासही मोजा.

बाहुली मळली. वॉशिंग मशीनमध्ये टाकू?

नको. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून हातानं दाबत धुवा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत, वाऱ्याला, डोकं खाली करून टांगा. डोक्यात पाणी सगळ्यांत जास्त साठतं. फेल्टचे डोळे असतील तर धुण्याआधी एका कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग उतरतो का ते बघा.